घरगुती रेकॉर्डिंग स्टुडिओचे वायरिंग : आधी कागद, मग सोल्डर

एके काळी गल्लोगल्ली रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीची दुकाने असत. उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन मुले सोल्डर धरायला, मीटर लावायला आणि वायर सोलायला शिकत. पुढे टेपरेकॉर्डर गेले. बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेण्याची पद्धत पडली आणि यांपैकी कित्येक दुकानांची कमाई आटली. परंतु जो हुनर हाताला लागला आहे, तो काही वाया जात नाही. त्याला फक्त नवे काम शोधावे लागते.

असे एक काम आज अनेक शहरांत उभे आहे. गायक, वादक, जाहिरातींना आवाज देणारे, पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारे, नात किंवा भावगीते रेकॉर्ड करणारे असे कितीतरी लोक घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ थाटतात. यंत्रसामग्री ते हौसेने विकत घेतात. मात्र टेबलामागे डोकावले तर वायरींचा गुंता दिसतो. कोणती वायर कोठून कोठे जाते, हे मालकालाही सांगता येत नाही. एखादे यंत्र बदलायचे झाले की टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरावे लागते, आणि एक वायर ओढताना दुसरी निसटते.

हा गुंता सोडवून नीट वायरिंग करून देणे, हे मेहनतीचे आणि इज्जतीचे काम आहे. ते कसे करावे, याचा हा धडा. यातील एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे : स्टुडिओचे वायरिंग आधी कागदावर पुरे होते, सोल्डर नंतर येते.

पॅचबे म्हणजे काय?

पॅचबे ही जॅकची एक पट्टी असते. साधारणपणे पुढच्या बाजूला वर २४ आणि खाली २४, असे ४८ जॅक असतात, आणि मागच्या बाजूलाही तितकेच. सर्व यंत्रांच्या वायरी मागे एकदाच कायमच्या जोडायच्या. पुढून मात्र हातभर लांबीच्या छोट्या वायरीने, म्हणजे पॅचकॉर्डने, हवे ते यंत्र हव्या त्या यंत्राला जोडायचे. टेबलामागे जाण्याचे कामच उरत नाही.

ही कल्पना टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली आहे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर समोरच्या फळीवरील जॅकमध्ये दोरीची पिन खोचून एका ग्राहकाची लाईन दुसऱ्याला जोडून देत असे. तोच पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीचा जॅक पुढे रेडिओ केंद्रांत आणि रेकॉर्डिंग स्टुडिओत आला. मोठ्या स्टुडिओंत ४.४ मिलिमीटरच्या बारीक जॅकचे ९६ जागांचे पॅचबेही असतात. घरगुती कामाला पाव इंची पॅचबे उत्तम. त्याच्या पिना सगळीकडे मिळतात आणि हाताळायला मजबूत असतात.

पॅचबे १९ इंच रुंदीच्या रॅकमध्ये बसतो आणि त्याची उंची एक युनिट, म्हणजे पावणेदोन इंच असते. लोखंडी किंवा लाकडी रॅक आपल्याकडचा कारागीर सहज बनवू शकतो. मात्र पट्टीची भोके या मापाला बरोबर जुळली पाहिजेत. मागची बाजू उघडी ठेवावी आणि तेथे हात शिरेल इतकी जागा सोडावी.

बाहेरची यंत्रे

आज रेकॉर्डिंग संगणकावर होते. संगणक आणि मायक्रोफोन यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस नावाचे यंत्र असते. याशिवाय जी वेगळी यंत्रे रॅकमध्ये लावतात, त्यांना धंद्यात ‘आऊटबोर्ड’ म्हणतात. त्यांत मुख्यतः चार प्रकार येतात. मायक्रोफोनचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीॲम्प. आवाजाचा चढउतार आटोक्यात ठेवणारा कंप्रेसर. जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा इक्वलायझर. आणि आवाजाला मोठ्या दालनासारखा घुमारा देणारा रिव्हर्ब.

१९६० च्या दशकात अमेरिकेत निघालेले एलए-२ए आणि ११७६ हे कंप्रेसर आजही नावाजलेले आहेत. त्यांची नक्कल करणारे प्रोग्रॅम संगणकावर मिळतात, तरीही खरे यंत्र वापरणारे शौकीन आहेत. एलए-२एसारखी व्हॉल्व्हची यंत्रे तापतात. म्हणून अशा यंत्राच्या वर रॅकमध्ये एक युनिट जागा रिकामी ठेवावी.

कामाची सुरुवात : यादी आणि नकाशा

ग्राहकाच्या घरी गेल्यावर हत्यारे पिशवीतच राहू द्यावीत. आधी वही काढावी. प्रत्येक यंत्राचे किती आऊटपुट आणि किती इनपुट आहेत, आणि तेथे कोणत्या प्रकारचा सॉकेट आहे, हे लिहून घ्यावे. नंतर ग्राहकाला एकच प्रश्न विचारावा : ‘रोजच्या कामात तुमचा आवाज कोठून निघतो आणि कोठे जातो?’ या उत्तरावर सारा नकाशा उभा राहतो.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, बारा बाय दहा फुटांची खोली आहे. ८ लाईन इनपुट आणि ८ लाईन आऊटपुटचा इंटरफेस आहे. दोन चॅनेलचा प्रीॲम्प, दोन चॅनेलचा कंप्रेसर, दोन चॅनेलचा इक्वलायझर, एक स्टिरिओ रिव्हर्ब, एक कीबोर्ड आणि एक हेडफोन ॲम्प्लिफायर आहे.

पॅचबेचा जुना आणि सर्वमान्य नियम असा की, वरच्या ओळीत आऊटपुट आणि खालच्या ओळीत इनपुट. म्हणजे आवाज वरून खाली वाहतो, छपरावरच्या पाण्यासारखा. वरचा आणि त्याच्या बरोबर खालचा जॅक मिळून एक जोडी धरावी. नकाशा असा होईल :

जोडी १-२ : वर प्रीॲम्पचे आऊटपुट, खाली इंटरफेसचे इनपुट १-२.
जोडी ३-४ : वर कीबोर्ड, खाली इंटरफेसचे इनपुट ३-४.
जोडी ५-६ : वर रिव्हर्बचे आऊटपुट, खाली इंटरफेसचे इनपुट ५-६.
जोडी ७-८ : वर इक्वलायझरचे आऊटपुट, खाली इंटरफेसचे इनपुट ७-८.
जोडी ९-१० : वर इंटरफेसचे आऊटपुट ५-६, खाली रिव्हर्बचे इनपुट.
जोडी ११-१२ : वर इंटरफेसचे आऊटपुट ७-८, खाली कंप्रेसरचे इनपुट.
जोडी १३-१४ : वर कंप्रेसरचे आऊटपुट, खाली इक्वलायझरचे इनपुट.
जोडी १५-१६ : वर इंटरफेसचे आऊटपुट ३-४, खाली हेडफोन ॲम्प्लिफायरचे इनपुट.
जोडी १७ ते २४ : मोकळ्या.

इंटरफेसचे आऊटपुट १-२ पॅचबेला न नेता थेट स्पीकरला जोडावेत. स्पीकरची वाट जितकी साधी तितकी बरी. चुकीच्या जॅकमध्ये पिन गेली तर मोठा धमाका ऐकू येतो, त्याने स्पीकर फाटतो आणि कानालाही इजा होते.

मोकळ्या आठ जोड्या पाहून ग्राहक कदाचित म्हणेल की पैसे फुकट गेले. त्याला समजावून सांगावे की स्टुडिओ नेहमी वाढतो. उद्या नवे यंत्र येईल किंवा पाहुणा वादक आपला पेटारा घेऊन येईल. तेव्हा जागा नसेल तर पुन्हा गुंता सुरू होतो.

नॉर्मल, हाफ-नॉर्मल आणि सुटी जोडी

पॅचबेचे खरे मर्म येथे आहे, आणि बहुतेक चुकाही येथेच होतात. जॅकच्या आत स्प्रिंगची एक पत्ती असते. पिन आत नसेल तेव्हा ती पत्ती वरच्या जॅकला खालच्या जॅकशी आतून जोडते. पिन खोचली की पत्ती उचलली जाते आणि जोड तुटतो. रेल्वेच्या रुळाचा सांधा बदलावा, तसाच हा प्रकार आहे. याच्या तीन तऱ्हा असतात.

नॉर्मल : वर किंवा खाली, कोठेही पिन घातली की आतला जोड तुटतो.

हाफ-नॉर्मल : वरच्या जॅकमध्ये पिन घातली तर जोड कायम राहतो, आणि आवाज दोन्हीकडे जातो. खालच्या जॅकमध्ये पिन घातली तरच जोड तुटतो.

सुटी : वरच्या आणि खालच्या जॅकचा आतून काहीही संबंध नसतो.

आपल्या उदाहरणात जोडी १ ते १६ हाफ-नॉर्मल ठेवाव्यात आणि १७ ते २४ सुट्या. याचा फायदा असा की, एकही पॅचकॉर्ड न लावता स्टुडिओ चालू असतो. मायक्रोफोन प्रीॲम्पमधून थेट संगणकात जातो. संगणकातला आवाज कंप्रेसर आणि इक्वलायझरमधून फिरून परत येतो. रिव्हर्बही तयार असतो.

आता समजा, गायकाचा आवाज कंप्रेसरमधून रेकॉर्ड करायचा आहे. एक पॅचकॉर्ड घ्यावी. एक टोक वरच्या १ मध्ये, म्हणजे प्रीॲम्पच्या आऊटपुटमध्ये, आणि दुसरे खालच्या ११ मध्ये, म्हणजे कंप्रेसरच्या इनपुटमध्ये घालावे. वरचा जॅक हाफ-नॉर्मल असल्यामुळे मूळ आवाज इंटरफेसच्या इनपुट १ मध्ये जातच राहतो. शिवाय तोच आवाज कंप्रेसर आणि इक्वलायझरमधून इनपुट ७ वर येतो. एका वायरीत कोरा आवाज आणि कमावलेला आवाज असे दोन्ही एकाच वेळी मिळाले. कंप्रेसर जास्त लागला तरी कोरा आवाज शाबूत राहतो आणि गायकाला पुन्हा बोलवावे लागत नाही.

इक्वलायझर टाळायचा असेल तर दुसरी पॅचकॉर्ड वरच्या १३ मधून खालच्या ७ मध्ये घालावी. झाले काम.

येथे तीन खबरदाऱ्या आहेत. एक : हाफ-नॉर्मल जोडीत एकाच यंत्राचा आऊटपुट वर आणि त्याचाच इनपुट खाली कधीही ठेवू नये. कंप्रेसरचा आवाज त्याच्याच तोंडात परत जाईल आणि कर्कश शिट्टी सुरू होईल. नवीन पॅचबे बहुधा कारखान्यातूनच हाफ-नॉर्मल येतो, त्यामुळे नवशिक्याकडून ही चूक हमखास होते. दोन : एक आऊटपुट दोन इनपुटना वाटता येतो, पण दोन आऊटपुट एका इनपुटवर एकत्र बांधू नयेत. त्यासाठी मिक्सर असतो. तीन : जुन्या घडणीच्या काही यंत्रांचा इनपुट ६०० ओमचा असतो. अशा यंत्राला वाटून आवाज दिला तर मूळ आवाज थोडा खाली बसतो. ग्राहकाला ते आधी सांगून ठेवावे.

तऱ्हा बदलण्याची सोय प्रत्येक पॅचबेची वेगळी असते. काहींवर वरच्या बाजूला छोटे खटके असतात. काहींत आतली जॅकची पट्टी काढून उलटी फिरवून बसवावी लागते. रॅकमध्ये बसवण्याआधीच हे करून घ्यावे. नंतर सगळे पुन्हा उघडावे लागते.

वायर आणि पिना

स्टुडिओतील चांगली वायर बॅलन्स्ड असते. तिच्यात पीळ घातलेल्या दोन तारा आणि त्यांच्याभोवती जाळी असते. एका तारेला हॉट आणि दुसरीला कोल्ड म्हणतात. बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच बसतो. पुढचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा घेते, म्हणून सारखा असलेला खरखराट आपोआप वजा होतो. एकेरी तारेच्या वायरीत ही सोय नसते.

तीन पायांच्या एक्सएलआर पिनेचा हिशेब पाठ करून ठेवावा : एक जाळी, दोन हॉट, तीन कोल्ड. पाव इंची तीन भागांच्या टीआरएस पिनेत टोक हॉट, मधली कडी कोल्ड आणि मागचा दांडा जाळी. हॉट आणि कोल्ड उलटे लागले तर आवाज बंद होत नाही. म्हणूनच ही चूक सापडत नाही. स्टिरिओच्या एका बाजूला अशी उलटापालट झाली की आवाज पोकळ होतो, मधोमध उभा असलेला गायक जणू नाहीसा होतो, आणि ग्राहक यंत्राला दोष देत बसतो.

बऱ्याच कीबोर्डचा आऊटपुट अनबॅलन्स्ड असतो, दोन भागांच्या पिनेचा. तरीही वायर बॅलन्स्डच वापरावी. कीबोर्डच्या टोकाला हॉट तार पिनेच्या टोकाला लावावी, आणि कोल्ड व जाळी दोन्ही एकत्र करून दांड्याला लावावीत.

आवाजाच्या पातळीकडेही लक्ष हवे. व्यावसायिक यंत्रे प्लस ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टवर चालतात. घरगुती यंत्रे मायनस १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्टवर. फरक जवळजवळ चौपटीचा आहे. पुष्कळ यंत्रांच्या मागे हे बदलण्याचा खटका असतो. आवाज फाटतो किंवा फार बारीक येतो, अशी तक्रार आली तर वायर तोडण्याआधी तो खटका पाहावा.

सोल्डरचा हात

भांड्याला कल्हई करणाऱ्याला जे कळते, तेच येथेही खरे आहे : तळ साफ नसेल तर कल्हई धरत नाही. तारेचे टोक सोलून पिळावे आणि त्यावर आधी सोल्डरचा पातळ थर चढवावा. पिनेच्या कानावरही तसाच थर द्यावा. मग दोन्ही एकत्र धरून क्षणभर ताप द्यावा. डाग चकचकीत आणि बसका आला पाहिजे. फुगलेला, मळकट डाग म्हणजे थंड जोड. तो आज चालेल, पण सहा महिन्यांनी खरखर करील.

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांवर वितळते आणि पटकन गोठते, म्हणून बारीक कामाला सोपे जाते. इस्त्रीचे टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवावे आणि दोन-तीन सेकंदांत डाग पुरा करावा. जास्त वेळ धरले तर तारेवरचे प्लास्टिक वितळते आणि आत तार जाळीला चिकटते. सोल्डर करण्याआधी पिनेचे टोपण वायरीत ओवले आहे ना, हे पाहावे. उस्तादसुद्धा ते विसरतात! खिडकी उघडी ठेवावी, आणि शिशाचे काम असल्यामुळे जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

अठ्ठेचाळीस व्होल्टचे भान

कंडेन्सर मायक्रोफोनला प्रीॲम्पमधून त्याच वायरीने ४८ व्होल्ट दिले जातात. याला फँटम पॉवर म्हणतात. पाव इंची जॅकमध्ये पिन घालताना वा काढताना तिचे टोक आणि कडी क्षणभर भलत्या पत्त्यांना घासून जातात. त्या क्षणी ४८ व्होल्ट नको त्या ठिकाणी पोहोचतात. नाजूक रिबन मायक्रोफोन अशा एका झटक्यात निकामी होऊ शकतो, आणि त्याची किंमत आपल्या मजुरीच्या कित्येक पट असते.

म्हणून मायक्रोफोनच्या वायरी पॅचबेला आणूच नयेत. त्या एक्सएलआर पिनेने सरळ प्रीॲम्पमध्ये जाऊ द्याव्यात. पॅचबेवर प्रीॲम्पच्या पुढचा, वाढलेला आवाज तेवढा असावा. पॉवर ॲम्प्लिफायरकडून स्पीकरला जाणारी वायरही पॅचबेला कधी आणू नये.

अर्थिंग आणि हमिंग

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. यंत्रांच्या अर्थिंगला दोन वेगवेगळ्या वाटा मिळाल्या की त्यांतून प्रवाह फिरू लागतो आणि स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झचा ‘हूं’ असा आवाज येतो. यालाच हमिंग म्हणतात.

यावर एक घातक इलाज सर्रास केला जातो. थ्री-पिनचा अर्थिंगचा पाय काढून टाकला जातो. आवाज थांबतो, ग्राहक खूश होतो, कारागीर पैसे घेऊन जातो. पण त्या दिवसापासून ते यंत्र म्हणजे घरात ठेवलेला सापळा होतो. आत कधी फेज पत्र्याला टेकला तर सारा पत्रा २३० व्होल्टचा होतो, आणि गायक एका हाताने मायक्रोफोन धरून दुसऱ्या हाताने रॅकला स्पर्श करतो. बंधूंनो, हे काम कोणी कितीही पैसे दिले तरी करू नये. आधीच्या कोणी केलेले आढळले, तर ग्राहकाला दाखवून पहिल्यांदा ते दुरुस्त करावे.

खरा इलाज असा. सर्व ऑडिओ यंत्रांची वीज एकाच ठिकाणच्या, चांगले अर्थिंग असलेल्या सॉकेटवरून घ्यावी. एसी, फ्रीज, पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर त्या लाईनवर नसावेत. घरातले अर्थिंगच नसेल तर ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्याचा सल्ला द्यावा. विजेच्या वायरी रॅकच्या एका कडेने आणि ऑडिओच्या दुसऱ्या कडेने न्याव्यात. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात, शेजारी-शेजारी पळवू नयेत.

तरीही हमिंग राहिले तर सर्व ऑडिओ वायरी काढाव्यात आणि एकेक जोडत जावे. ज्या वायरीने आवाज सुरू होतो, ती गुन्हेगार. ती बॅलन्स्ड असेल तर तिची जाळी फक्त इनपुटच्या टोकाला सोडून ठेवावी. दुसऱ्या टोकाला ती जोडलेलीच राहील. तोडायची ती ऑडिओची जाळी, विजेचे अर्थिंग नव्हे. लॅपटॉपच्या चार्जरमुळेही आवाज येतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहिले की लगेच कळते.

तपासणी आणि चिठ्ठी

प्रत्येक वायर तयार होताच मीटरवर तपासावी. टोक ते टोक, कडी ते कडी, दांडा ते दांडा बीप आला पाहिजे, आणि एकमेकांत येता कामा नये. मीटर लावलेला असतानाच वायर दोन्ही टोकांना हलवून पाहावी. बीप तुटला तर डाग पुन्हा करावा.

त्यानंतर प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. ‘कंप. आऊट १ – पॅच वर १३’ असे दोन्ही पत्ते तिच्यावर असावेत. पेनाची शाई घामाने पुसते, म्हणून छापील पट्टीवर पारदर्शक नळी ताप देऊन चढवावी. पॅचबेच्या तोंडावरही नावाची पट्टी हवी. यंत्र बाहेर ओढता यावे म्हणून मागे वीतभर वायर जास्त ठेवावी. बांधणी प्लास्टिकच्या करकचून ओढलेल्या पट्ट्यांऐवजी वेल्क्रोने करावी, म्हणजे वायर चेपत नाही आणि पुन्हा सोडवता येते.

शेवटी नकाशाची स्वच्छ प्रत काढून एक ग्राहकाला द्यावी आणि एक आपल्या फाईलला ठेवावी. काही कारागीर नकाशा मुद्दाम देत नाहीत, म्हणजे ग्राहक पुन्हा आपल्यालाच बोलावील. हा हिशेब उलटा आहे. नकाशा नसलेल्या ग्राहकाला एका रात्री काम अडले की तो आपल्या नावाने बोटे मोडतो. नकाशा असलेला ग्राहक तो आपल्या चार मित्रांना दाखवतो.

मजुरीचा हिशेब

आता दराचे पाहू. आपल्या उदाहरणात पॅचबेच्या ३२ आणि स्पीकरच्या २, अशा ३४ वायरी झाल्या. म्हणजे ६८ पिना, आणि प्रत्येकी तीन डाग धरले तर २०४ डाग. रॅकमधल्या २८ वायरी दीड मीटरच्या धरल्या तर ४२ मीटर. कीबोर्डच्या दोन, चार-चार मीटरच्या, म्हणजे ८. हेडफोनच्या दोन, तीन-तीन मीटरच्या, म्हणजे ६. स्पीकरच्या दोन, चार-चार मीटरच्या, म्हणजे ८. एकूण ६४ मीटर. कापताना तूट येते, म्हणून ७० मीटर आणावी. पिनाही चार-सहा जास्त घ्याव्यात.

हात बसलेल्या कारागिराला एका पिनेला १० मिनिटे धरली, तर ६८ पिनांना ११ तास २० मिनिटे होतात. नकाशा, चिठ्ठ्या, बांधणी आणि तपासणी यांना जवळजवळ तितकाच वेळ आणखी लागतो. म्हणजे हे तीन दिवसांचे काम आहे. ‘एका दिवसात करतो’ असे सांगून दर पाडणारा कारागीर चिठ्ठ्या आणि तपासणी गाळतो, हे ओळखून असावे.

अंदाजपत्रक दोन भागांत लिहावे. एका बाजूला सामान, दुकानाच्या पावतीसह. दुसऱ्या बाजूला मजुरी, पिनेच्या हिशेबाने. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे सामान मिळते. तेथे स्वस्त आणि चांगल्या पिनांत फरक दिसतो. स्वस्त पिनेचा कान ताप लागताच हलतो. सामानात नफा लपवण्यापेक्षा मजुरी उघड सांगावी. निम्मी रक्कम सामानासाठी आगाऊ घ्यावी आणि बाकी तपासणी ग्राहकासमोर करून घ्यावी.

काम संपल्यावरही नाते संपत नाही. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, जॅकच्या आतल्या पत्त्यांवर मळ चढतो. ज्या जोडीत कधीच पिन घातली जात नाही, तीच आधी खरखरते. ग्राहकाला सांगावे की स्पीकर बंद करून महिन्यातून एकदा प्रत्येक जॅकमध्ये पिन दोन-चार वेळा आत-बाहेर करावी. वर्षातून एकदा आपण जाऊन साफसफाई करण्याचा ठराव करावा. थोडे पण नियमित काम मिळते.

सुरुवात लहान करावी. सहा पॅचकॉर्ड तयार करून, तपासून, जवळच्या एखाद्या रेकॉर्डिंगवाल्याला दाखवाव्यात. त्या टिकल्या की पुढचे काम तोच देईल. रेडिओच्या दुकानात शिकलेल्या हाताला नवे काही शिकायचे असेल तर ते सोल्डर नव्हे, कागद आहे. नकाशा नीट काढता आला की डाग तर आपल्याला येतोच.